टकटक का थांबली?

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. अंगावरची निम्मी अक्षरं पुसली गेलीत, पण माझी बडबड काही कमी झालेली नाही.

कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून मी एका नर्सच्या टेबलावर आलो. ड्यूटीवरून आली की चपला भिरकावून ती ब्लॉग लिहायला बसायची. दवाखान्यात मुदत संपलेली औषधं देतात, हे तिनंच जगाला सांगितलं. काय बोटं होती तिची! मला गुदगुल्या व्हायच्या. तिचे बाबा शिंपी. ते आतून ओरडायचे, "पुरे कर गं ती टकटक! डोकं उठलं माझं!"

"तुमच्या मशीनपुढे काहीच नाही, बाबा," ती हसून म्हणायची.

एका सकाळी सरकारी माणसं आली. "बदनामी करतेस?" म्हणत तिला घेऊन गेली. संगणकही उचलला. मला मात्र वायर उपटून कोपऱ्यात फेकलं. अस्सा राग आला होता मला!

घर चिडीचूप झालं. बाबांचं मशीनही बंद पडलं. मग एका दुपारी त्यांनी मला उचललं, बाहीनं पुसलं आणि शेजारच्या काकूंकडे नेलं. काकूंनी दार लावून मला त्यांच्या संगणकाला जोडलं.

"भीती नाही वाटत?" बाबांनी विचारलं.

"वाटते की! पण माझ्या नातवालाही तेच मुदत संपलेलं औषध दिलं होतं. लिहा तुम्ही."

लेकीच्या शेवटच्या लेखाखाली बाबांनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिलं, "माझी मुलगी घरी नाही. तिची टकटक थांबली. घर खायला उठतं. कुणी वाचत असाल तर विचारा, ती कुठे आहे?" मला फार भरून आलं.

आणि वाचत होते हो! कुठल्या कुठल्या देशांतून उत्तरं आली. कुणी तिचे लेख आपल्याकडे जपून ठेवले, कुणी वकील मिळवून दिला, कुणी रोज फोन करून अधिकाऱ्यांना भंडावून सोडलं, "ती कुठे आहे?"

थंडी सरता सरता ती घरी आली. फार वाळली होती. काकूंनी आपला संगणकच तिच्या टेबलावर आणून ठेवला. ती माझ्यासमोर बसली. एक ओळ लिहून थांबली.

आतून बाबा ओरडले, "टकटक का थांबली गं?"

ती हसली, रडली आणि लिहू लागली.

मित्रांनो, मी आता थकलोय. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण खरं लिहिणारं कुणी अचानक गप्प झालं, तर ते कुठे आहे म्हणून नक्की विचारा. त्यासाठी एक बोटही पुरतं.