कोण आडवं येतंय का, बघ

बहारीनच्या हूरा भागातल्या चष्मेवाल्याने भक्तीला सांगितलं होतं, नाही असं नाही. सासऱ्यांचा नंबर वर्षात दुसऱ्यांदा बदललाय, तोही तिरका. वय म्हणून सोडू नका, बुबुळाचा स्कॅन करा, त्यांना डोळे चोळू देऊ नका. मल्याळी माणूस, हिंदीत तळमळून बोलत होता. भक्तीला वाटलं, महागडी तपासणी गळ्यात मारतोय. सुट्टीत गावी गेल्यावर बघू, म्हणाली. दाढ, गुडघा, साखर. बहारीनमधल्या आपल्या माणसांची सगळी दुखणी सुट्टीची वाट बघत थांबतात.

तिचे सासरे महादेव साठीला टेकलेले, कंपनीची व्हॅन चालवायचे. बायको गेल्यापासून मुलगा-सुनेकडेच राहायचे. वाळू उडाली की बोटांच्या पेरांनी डोळे असे रगडायचे, की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. "येकेका दिव्याक चार शेपट्यो दिसतत," म्हणायचे. "वय झाला गो." आणि घरात सगळे हसायचे.

सुट्टीत कणकवलीला मोतीबिंदू काढला, परतीचं तिकीट हातात असताना, घाईघाईत. परतल्यावर म्हणाले, झकास दिसतंय. नजर गेली की ड्रायव्हरचा व्हिसा गेला आणि नात दुरावली, एवढं त्यांना कळत होतं.

पाच वर्षांच्या श्रेयाला शाळेतून तेच आणायचे. एका दुपारी भक्ती ऑफिसातून लवकर सुटली आणि शाळेपाशी त्यांच्याच व्हॅनमध्ये चढली, मागे लेकीजवळ. सनाबिसमधल्या झेब्रा क्रॉसिंगपाशी व्हॅन मंदावली.

"श्रेया, कोण आडवा येता काय, बघ गो."

पोरीने मान उंचावली. "नोबडी, आजोबा. यल्ला, चला."

व्हॅन निघाली. भक्तीने पुढे पाहिलं तर सायकल ढकलत एक माणूस थेट समोर. पुढच्या सीटआडून पोरीला तो दिसलाच नव्हता. भक्ती किंचाळली. ब्रेक लागला, सायकल आडवी झाली. माणूस वाचला.

"हे कधीपासून चाललंय, बाबा?"

महादेव स्टिअरिंगवरचे हात काढेनात. उत्तर श्रेयानेच दिलं. "इट्स अवर गेम, मम्मा. एव्हरी डे."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, केराटोकोनस. बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. तरुणांचा आजार म्हणून म्हाताऱ्यांत कोणी शोधत नाही, सगळं मोतीबिंदूच्या माथी मारलं जातं. एका डोळ्यात व्रण पडलाय, तिथे नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवावं लागेल. दुसऱ्या डोळ्याला कडक लेन्स लावून पाहू. गाडी मात्र खलास.

व्हिसा रद्द झाला. बापाला आपल्या व्हिसावर ठेवून घ्यायला मुलाचा पगार नियमात बसेना. भक्तीचा नवरा परीक्षित त्यांना विमानतळावर सोडून आला आणि न जेवता झोपला. कणकवलीच्या घरात महादेव आता एकटेच असतात. व्हिडिओ कॉलवर फोन नाकाला लावून नातीचा चेहरा शोधतात. ती विचारते, डोळे चोळत नाही ना? ते नाही म्हणतात, आणि बोलता बोलता हात डोळ्याकडे जातोच.

तुमचंही पोर घरातल्या कुणा वडीलधाऱ्याच्या गाडीतून येत असेल. रोज सुखरूप पोहोचतात म्हणजे त्यांना दिसतं, असं धरून चालू नका. उद्या त्यांच्या शेजारी बसा, आणि समोरची पाटी वाचून दाखवायला सांगा.