पंचेचाळीसऐवजी बेचाळीस फेरे

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. लहान रेकॉर्ड लावली की मिनिटाला पंचेचाळीस फेरे घ्यायचे, एवढेच माझे काम. ते मी दोन वर्षे चुकीचे केले आणि त्याची शिक्षा भलत्याच कुणी भोगली. मला स्वतःचा आवाज नाही. सुई ज्यावर ठेवाल तेच मी म्हणतो. म्हणून ही कबुली लिहून देत आहे.

मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. वर लाल रेक्झिन, झाकणात स्पीकर आणि पोटात मोटर. मोटरीचा दांडा रबराचे एक लहान चाक फिरवतो आणि ते चाक आपल्या कडेने माझी थाळी फिरवते. रबराची पकड आहे तोवर वेग बरोबर राहतो. हे चाक लक्षात ठेवा.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत मी एका गार्डसाहेबांकडे होतो. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली ते कायमचे परदेशी निघाले, तेव्हा मला आणि इंग्रजी गाण्यांच्या सात रेकॉर्डी शेजारच्या मच्छिंद्ररावांना देऊन गेले. मच्छिंद्रराव लोको शेडमध्ये इंजिनांचे फिटर होते. "जे फिरतंय त्याला तेल पायजे," असे म्हणत त्यांनी पहिल्याच रविवारी तेलाची झारी आणली, माझी थाळी उचलली आणि आत दिसेल त्या चाकाला चार थेंब दिले. मायेने दिले. मग दर रविवारी दिले.

रबर तेलकट होऊन घसरू लागले. पंचेचाळीसऐवजी माझे जेमतेम बेचाळीस फेरे होऊ लागले. वेग कमी झाला की सूरही उतरतो. प्रत्येक गाणे अर्ध्या स्वराने खाली आले. मला ते कळत होते. पण माझी खरखर थांबली होती. मच्छिंद्रराव शेजाऱ्यांना बोलावून "कसा लोण्यासारखा चालतोय बघा" म्हणायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचे.

त्यांच्या मुलीला, अंजनाला, सातांपैकी एका रॉक गाण्याचे वेड लागले. त्यात पहिल्या दोन ओळी गायिका एकटीच म्हणते. मग गिटार आणि ड्रम एकदम कोसळतात. अंजनाने ऐकून ऐकून ते शब्द देवनागरीत वहीत उतरवले. एकेका ओळीसाठी वीस वीस वेळा सुई मागे नेली. तिची आई रतनबाई स्वयंपाकघरातून कुरकुरायची, "इंग्रजी गाण्यानं भाकरी फुगती का गं?" पण तिचे हात त्याच ठेक्यावर भाकरी थापत, हे मी स्वतः ऐकले आहे.

बुकिंग ऑफिसातल्या बन्सीकडे गिटार होती. त्यानेही ते गाणे माझ्याकडूनच उचलले. दर शनिवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबच्या, हॉलमध्ये दोघे ते सादर करू लागले. मलाही तिथे नेत, मधल्या वेळात रेकॉर्डी लावायला. मित्रांनो, रेकॉर्ड रोज सारखीच वाजते. अंजना मात्र कधी एखादी ओळ लांबवायची, कधी मध्येच हसू आल्याने श्वास चुकवायची, आणि शेडमधून थेट आलेले काळे बूट हॉलभर ठेका धरायचे. मूळ गाण्यापेक्षा मला तेच आवडायचे.

शहात्तर साली इन्स्टिट्यूटच्या वार्षिक कार्यक्रमाला पुण्याचा बँड ठरला. त्यांच्याबरोबर अंजनाने तेच गाणे म्हणायचे होते. जमले तर ते तिला नाताळात पुण्याच्या कार्यक्रमांतही घेणार होते. आधी सराव व्हायचा होता, पण गाडी तीन तास उशिरा आली आणि मंडळी स्टेशनवरून थेट मंचावर चढली.

अंजनाने पहिल्या दोन ओळी म्हटल्या. एकटीने, स्वच्छ, माझ्या सुरात. हॉल चिडीचूप झाला. मग पुण्याच्या गिटारी खऱ्या सुरात आणि खऱ्या वेगात आत आल्या. ती सूर शोधत राहिली, ठेका पुढे निघून गेला, आणि ती थांबली.

मागून कुणीतरी ओरडले, "बाईंची गाडी औटर सिग्नलला उभी हाय!" हॉल हसला.

गिटारवाल्याने विचारले, "अगं, रेकॉर्ड कधी ऐकलीस तरी का?"

"दोनशे वेळा," ती म्हणाली आणि मंचावरून उतरली.

मी दहा फुटांवर कोपऱ्यात होतो.

तिने वही ट्रंकेच्या तळाला ठेवली. "जाऊ दे अंजे, आपल्याला न्हाई झेपत ते," असे मच्छिंद्ररावांनी समजावले. तिनेही ते खरे मानले. पुढच्या दोन महिन्यांत मी फिरायचाच बंद झालो, तेव्हा मला बाजारातल्या सोपानराव रेडिओवाल्यांकडे नेले. त्यांनी थाळी उचलली आणि कपाळाला हात लावला.

"मच्छिंद्रराव, ह्याला इंजिन समजला व्हय? रबरावर तेल घालत्यात का कुठं?"

"म्हंजी… गाणं हळू वाजत आसंल?"

"हळू आन् खाली. कवापासनं घालताय?"

मच्छिंद्ररावांनी चाकावर बोट फिरवले आणि लागलेले तेल सदऱ्याला पुसले.

सोपानरावांनी चाक स्पिरिटने पुसून कोरडे केले. घरी येताच मच्छिंद्ररावांनी तेच गाणे लावले. आत रतनबाईचे हात अडखळले. "ह्याच्या मागं कुत्रं लागलंय का आज?" ती म्हणाली. अंजना बाहेर आली. पूर्ण गाणे तिने उभ्याने ऐकले.

"तुझं न्हाई चुकलं, पोरी," मच्छिंद्रराव जमिनीकडे बघत म्हणाले. "तेल मी घातलं."

माझ्या वाट्याबद्दल कुणी बोलले नाही.

अंजनाने सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. मग माझ्या थाळीच्या कडेला एक बोट हलकेच टेकवले. पंचेचाळीसवरून चव्वेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. तिथे बोट स्थिर धरून तिने ते गाणे शेवटपर्यंत म्हटले, आणि आतली भाकरी पुन्हा ठेक्यात आली. पुण्याचा निरोप कधी आला नाही. हॉलमध्ये ती परत गायली नाही. त्या बोटाचा दाब मला अजून जाणवतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर माया जरूर करा, पण त्याला काय चालते ते आधी जाणून घ्या. रबर कोरडे ठेवा. आणि कुणाचा सूर चुकला, तर हसण्याआधी एवढे विचारा, "तू हे शिकलीस कुणाकडून?" त्या दिवशी कुणी एकाने जरी विचारले असते, तरी सगळा हॉल कोपऱ्यातल्या लाल पेटीकडे वळला असता. तिकडेच वळायला हवा होता.