कॉपीला जुनंच टार्गेट

शुक्रवारची सकाळ होती आणि कतारमधल्या अल खोरच्या घरी, डायनिंग टेबलावर, देवव्रत आपल्या तेरा वर्षांच्या मुलीकडून सपाटून मार खात होता. हा पत्त्यांचा खेळ नुपूरने शाळेतून आणला होता. पत्त्यांवर राक्षस, शिपाई आणि मंत्र. नियमांचं पुस्तक मात्र प्लांटच्या मॅन्युअलला लाजवील एवढं जाड. गॅस प्लांटचे पंप सांभाळणाऱ्या माणसाला हा पोरखेळ काय अवघड, असं म्हणत तो दर शुक्रवारी बसायचा आणि दर शुक्रवारी हरायचा.

नुपूरने त्याच्या उरलेल्या एकमेव शिपायावर विजेचा मंत्र टाकला. देवव्रतने ऐटीत आरशाचा पत्ता काढला.

"तुझ्या मंत्राची कॉपी केली. आता ही वीज तुझ्या राक्षसावर."

"नो बाबा. कॉपीचं टार्गेट सेम राहतं."

"असं कसं? मंत्र आता माझा आहे ना?"

"युअर्स, बट सेम टार्गेट. बदलता येतं असं कार्डवर लिहिलेलं लागतं. तू ओन्ली कॉपी केलंस. अँड कॉपी आधी लागते, सो तुझा शिपाई तुझ्याच विजेने मेला."

"घ्या, आपल्याच पायावर धोंडा," देवव्रत हसला, आणि ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

कॉपी केली. टार्गेट बदललं नाही.

काल दुपारी कंपनीची बस सुटायला दहा मिनिटं होती आणि आजच्या पंपदुरुस्तीचं परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, लिहायचं राहिलं होतं. कोरं परमिट भरायला अर्धा तास जातो. म्हणून सगळे करतात तेच त्याने केलं. मागच्या आठवड्याच्या परमिटची कॉपी काढली, तारीख बदलली, 'पंप ए' खोडून 'पंप बी' केलं, सही ठोकली आणि बस गाठली. खालच्या रकान्यात, कोणते व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावायचं, त्यांचे नंबर असतात. ते बदलले होते का? काही केल्या आठवेना. बदलले नसतील तर आज कुलूप ए पंपाला लागणार होतं, आणि बी पंपाचं झाकण उघडायला सुदाम बसणार होता. आत दाबाखाली गॅस.

सुदाम परभणीकडचा फिटर. बायको-पोरं गावी, हा इथे कामगारांच्या कॅम्पवर. काम दहाला सुरू होणार होतं आणि भिंतीवर दहा वाजून पाच झाले होते.

सुदामला फोन करून उपयोग नव्हता, आत जाताना फोन गेटवर ठेवावे लागतात. देवव्रतने लॅपटॉप उघडला. परमिट बघून आधी खात्री करावी. उगाच काम थांबवलं तर नाव वरिष्ठांकडे जाईल, आणि पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण होतं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. आपण इथे नोकरी वाचवत बसलोय आणि तिकडे पाना फिरतोय, हे त्याला कळलं तेव्हा स्वतःची किळस आली. लॅपटॉप तसाच टाकून त्याने कंट्रोल रूमचा नंबर लावला.

"इम्रानभाई, पंप बी का काम रुकवाओ. अभी. परमिट गलत है, गलती मेरी है."

"रुको सर," म्हणून इम्रानने फोन बाजूला ठेवला. वॉकीटॉकीची खरखर ऐकू आली, मग काहीच नाही. नुपूर पत्ते हातात धरून देवव्रतकडे बघत होती आणि तीही घाबरली होती.

"रुक गया, सर," इम्रान म्हणाला. "ताला ए पे था."

अर्ध्या तासाने गेटवरून सुदामचाच फोन आला.

"साहेब, दोन बोल्ट ढिले केले व्हते. तेवढ्यात वरडत आले."

"सुदाम, माझी चूक झाली. फार मोठी चूक."

"नंबर येगळा हाय हे दिसलं व्हतं मला," सुदाम म्हणाला. "पन खाली तुमची सही व्हती. म्हनलं, सायबानं बघितलं असंल."

देवव्रतने डोळे मिटले. "पुन्हा असं दिसलं तर माझी सही बघायची नाही. काम थांबवायचं. कळलं?"

"बरं साहेब," सुदाम म्हणाला. देवव्रतच्या प्रत्येक हुकमाला तो असंच म्हणायचा.