रिकामा परत आलेला टोप

मित्रांनो, मी एक जुना तामचिनीचा टोप आहे. पांढरं अंग, निळी कड, दोन ठिकाणी टवके उडालेले. तळाला नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे, म्हणजे मी गदीजाचा. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते सांगता येणार नाही. मी तेव्हा भट्टीत होतो. केपटाऊनच्या गल्लीत एका फेरीवाल्याकडून गदीजाच्या आईने मला घेतलं आणि दोन्ही मुलींना बजावलं, की कुणाचं भांडं रिकामं परत धाडायचं नाही.

ईस्टरच्या सुट्टीत आमचा सगळा कुटुंबकबिला समुद्रकाठी तंबू ठोकून राहतो. सोबत गालिचे असतात, कपाट असतं, टीव्हीही असतो. घरी राहतात फक्त भिंती. जेवणाचा बेत महिनाभर आधी गदीजाच्या दिवाणखान्यात ठरतो. शुक्रवारी मुरवलेला मासा, शनिवारी अखनी, म्हणजे एकाच पातेल्यात मटण-भात, रविवारी सकाळी खोबऱ्यात घोळवलेले गोड वडे. त्या बेतापुढे जावा-भावजयांचं काही चालत नाही, भुकेचंही नाही.

शेजारच्या तंबूंत वाटा पोचवणं हे माझं काम. वर्षानुवर्षं मी भरलेला गेलो, भरलेला आलो. लोकांनी माझी स्तुती केली. खरं तर ती माशाची होती.

मागच्या ईस्टरला धाकट्या बहिणीच्या, रुगायाच्या तंबूतून मी रिकामा परत आलो. लख्ख घासलेला.

"आईचा टोप! आणि रिकामा!" गदीजा एवढंच म्हणाली. त्यानंतर वर्षभर बहिणींचं बोलणं बंद, आणि मी माळ्यावर, संपलेल्या सेलांच्या शेजारी.

यंदा बेत ठरताना तिचा नवरा इगसान म्हणाला, "रुगायाला धरलंस का?"

"कोण रुगाया?"

"तुझ्या आईची दुसरी मुलगी."

"तिला तिचं पातेलं आहे."

मला मात्र तिने सामानात टाकलं. का, ते टोपाने विचारायचं नसतं.

शनिवारी वारा सुटला. बेतात वारा धरलेला नव्हता. शेगडीची ज्योत एका अंगाला पळाली आणि अखनी वरून कच्ची, खालून कोळसा. सगळे ताटं घेऊन बसलेले.

"उद्याचं मटण काढू का?" भावजयीने विचारलं.

"ते अजून गोठून दगड आहे."

"रुगायाच्या तंबूकडून काय सुंदर वास येतोय," इगसान म्हणाला. "मी आपलं वाऱ्याबद्दल बोलतोय."

गदीजाने मला उचललं. चार पावलं गेली आणि थांबली. बहिणीच्या दारी रिकामा टोप घेऊन जायचं? ती मागे फिरली आणि करपलेला भातच खरवडून माझ्यात भरला. मला चटका बसला, पण ते कुणी विचारलं नाही.

रुगायाने झाकण उघडलं. वास घेतला. मग वाळूतच बसली आणि हसत सुटली.

"मागच्या वर्षी माझीही अखनी अशीच लागली, तीती. वाळूत पुरली आणि तुझा टोप घासून पाठवला."

"अगं, मग तसं सांगायचंस!"

"तुला? तू तर नाश्त्याचीसुद्धा हजेरी घेतेस."

तीती, म्हणजे थोरली बहीण, म्हणाली, "आमची तीस तोंडं आहेत."

"माहीत आहे. मी दरवर्षी तुम्हाला धरते," असं म्हणत रुगायाने आपलं मोठं पातेलं पुढे सरकवलं.

मित्रांनो, आता मी पुन्हा कामावर आहे. टवके वाढलेत. फार मागणं नाही. आम्हाला तारेच्या घासणीने घासू नका, आणि कुणाचा टोप रिकामा परत पाठवू नका. द्यायला काहीच नसेल तर करपलेलं घाला. निदान काय झालं ते कळतं.