वावटळीवर फेकलेली चप्पल

मी चप्पल बोलतेय. नाक मुरडायचं तर खुशाल मुरडा, मला सवय आहे. ओतूरजवळच्या एका मळ्यात कांद्याच्या बराखीला मी उलटी टांगलेली आहे. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबट, हवेशीर खोपी. कांद्याला दृष्ट लागू नये म्हणून मला इथं लटकवलंय. हे काम मी मागून घेतलेलं नाही.

माझा जन्म ओतूरच्या बाजारातला. तळाला ट्रकचं टायर, वर चामड्याचे जाड पट्टे, टाचेला खिळे. मी डावी आणि माझी जोडीदारीण उजवी. चांगदेव अण्णांनी आम्हाला पायात घालून चार ढांगा टाकल्या, मग मला हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, "लई वजनदार हाये राव. फेकायला बरी."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. भर दुपारी नांगरटीच्या रानात धुळीचा खांब उभा राहिला आणि गरगरत कांद्याकडे निघाला. खुरपणाऱ्या बाया ओरडल्या, "भूत आलं, भूत!" अण्णा थुंकले, वाकले, मला पायातून उपसलं आणि सरळ त्या वावटळीत भिरकावलं. आमच्याकडची ही रीतच आहे. वावटळीत भूत असतं, आणि डाव्या पायाची चप्पल बसली की ते पळतं.

तेव्हापासून मी वावटळीच्या पोटात कित्येकदा जाऊन आले. आत भूत मी फार शोधलं. धूळ होती, कांद्याची सालपटं होती, एसटीचं एखादं तिकीट होतं. बाकी नुसता गरम वारा. तापलेल्या काळ्या रानावरची हवा हलकी होऊन वर निघते, तिची जागा भरायला चहूबाजूंनी वारा धावतो आणि धावता धावता वळसा घेतो. फुगडी खेळणाऱ्या पोरी एकमेकींच्या जवळ आल्या की कशा जोरात फिरतात, तसा तो वळसा आत आत येताना वेग धरतो. बस, एवढंच. अगदी मधोमध तर बऱ्यापैकी शांत असतं.

मी धप्पकन बाहेर पडायची. तोवर वावटळ शेजारच्या भिजवलेल्या घासात, गुरांच्या हिरव्या चाऱ्यात, शिरलेली असायची. ओल्या रानात ऊब नाही, म्हणून ती तिथं विरायची. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. अण्णा मिशीवर हात फिरवायचे, "बघा, पळालं का न्हाई!" आणि बाया माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. फुकटच्या त्या मोठेपणाची मला तेव्हाही लाज वाटायची. पण चप्पल बोलणार कुणाशी?

वर्षं गेली. घरात रंगीत टीव्ही आला. अण्णांची नात समृद्धी त्यावर हिंदीतून बोलणारे गोरे लोक बघायची, वादळाच्या मागं गाडी पळवणारे. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. नेम गेला, फेकायची हौस मात्र गेली नाही.

त्या साली कांदा काढणीला द्रौपदाबाई आली होती. बौद्ध वस्तीतली, कांद्याची पात कापण्यात तिचा हात धरणारी बाई आसपास नव्हती. तिची लेक प्रज्ञा गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवायची. एका दुपारी वावटळ उठली. अण्णांनी मला भिरकावलं. मी धुळीला आरपार छेदून पलीकडे गेले आणि द्रौपदाबाईच्या कपाळावर आदळले. टाचेचा खिळा लागला. रक्त आलं.

बायांचे विळे थांबले. अण्णांनी तेव्हाच धावत जाऊन "चुकलं बाई" म्हटलं असतं, तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण समोर कोण होतं आणि तिला लागलं काय होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांची जीभ टाळूला चिकटली. सुटली तेव्हा भलतंच बोलली.

"म्या वावटळीला मारली व्हती. तू मधी कशाला आलीस?"

त्यावर अण्णांच्या कारभारणीनं, सारजाबाईंनी, कळस चढवला. "अगं बया, भूत चपलीसंगं हिच्या अंगात गेलं जनू!"

द्रौपदाबाईनं पदरानं कपाळ दाबलं. मला उचललं. मला वाटलं, आता ही मला परत फेकून मारणार, आणि तेच बरं झालं असतं. तिनं मला पाटीत टाकलं आणि घरी नेलं.

दुसऱ्या दिवसापासून तिला कुणी कामाला बोलावीना. तिच्याशेजारी बसायला बाया घाबरू लागल्या. ठमाबाई, जिच्याबरोबर तिनं जन्मभर एका पातीला, म्हणजे एका ओळीत, खुरपलं, तिनं पाण्याचा तांब्या वेगळा ठेवायला सांगितलं. हे शिवाशिवीचं जुनं दुखणं होतं. मोठ्या कष्टानं बुजत आलं होतं, ते उकरायला भुताचं निमित्त पुरलं. आणि ते निमित्त म्हणजे मी! दाराशी पडल्या पडल्या मी हे ऐकायची आणि वाटायचं, तळाच्या टायरसकट जळून गेले असते तर बरं.

"आई, पोलिसात जाऊ," प्रज्ञा म्हणाली.

"त्यानं त्याला शिक्षा व्हईल," द्रौपदाबाई म्हणाली. "माझ्या अंगातलं भूत कोन काढील? ज्यानं घातलं त्यानंच काढाया पायजे."

प्रज्ञानं मला पिशवीत घालून शाळेत नेलं आणि टेबलावर ठेवलं. पोरं खिदळली. "हसू नका," ती म्हणाली, "ही वावटळीच्या पोटात जाऊन आलीय." मग तिनं फळ्यावर दोन चित्रं काढली. एक आपली वावटळ. हिचं मूळ तापलेल्या रानात, वर आभाळ स्वच्छ. दुसरं टोर्नेडोचं. त्याचं मूळ गडगडणाऱ्या मोठ्या ढगात. खाली वारा हळू, वर जोराचा आणि दिशा निराळी, त्यामुळे मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरते. खालून जोरात वर चढणारी हवा त्या लाटण्याला उभं करते. मग ढगातून सोंडेसारखं काहीतरी खाली उतरतं, ते जमिनीला टेकलं की टोर्नेडो. घरं उचलतो, ट्रक उचलतो. अमेरिकेत फार, आपल्याकडे बंगाल-ओडिशाकडे कधीमधी.

"त्याच्यातपण भूत नसतं," प्रज्ञा म्हणाली. "आणि कुठल्या माणसातही नसतं."

पहिल्या बाकावरची समृद्धी कधीची माझ्याकडे बघत होती. ती उभी राहिली. "मॅडम, ही माझ्या आजोबांची चप्पल आहे."

"माहीत आहे मला. बस तू."

पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझी मान असती तर मीही खाली घातली असती.

पुढचं मला उजवीनं सांगितलं, ती मळ्यातल्या झोपडीच्या दारात पडून होती. पुन्हा वावटळ उठली. अण्णांचा हात सवयीनं पायाकडे गेला, पण पायात रबरी स्लिपर होती. समृद्धीनं तो हात धरला. "आजोबा, आज काहीच नका मारू. नुसतं बघा." वावटळ कांद्यावरून गेली, थोडी पात उडाली, पुढे ओल्या घासात शिरली आणि आपोआप बसली. सगळ्या बायांनी पाहिलं. अण्णा बांधावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

संध्याकाळी ते द्रौपदाबाईच्या दारात आले. स्लिपर लांब काढून ठेवली होती.

"चप्पल न्यायला आलोय."

"न्या की. पन आधी सांगा, अण्णा, ती कुनाला मारली व्हती?"

"वावटळीला." अण्णांनी टोपी काढली. "लागली तुला. माझा हात चुकला, द्रौपदे. आन् तुझ्या पुढं वाकायची लाज वाटली, म्हून भुताचं नाव निघालं ते चालू दिलं. भूत न्हाई, काय न्हाई."

"हे मला ठावं हाय. रानात बोला, समद्या बायांम्होरं."

दुसऱ्या दिवशी ते बोलले. मला हातात धरून, मान खाली घालून, ठमाबाईसकट सगळ्यांसमोर बोलले. बाया चुळबुळल्या, ठमाबाई आपणहून तांब्या घेऊन द्रौपदाबाईच्या घरी गेली. द्रौपदाबाईला सगळीकडून बोलावणी येऊ लागली. आमच्या रानात मात्र ती पुन्हा आली नाही. कपाळावरचा वण तिला रोज आरशात दिसत असणार.

अण्णांनी मला परत पायात घातलं नाही. ते गेले, उजवी कुठंशी हरवली, आणि सारजाबाईंनी मला या बराखीला टांगलं. भुतापासून पाठ सुटली, तर आता ही दृष्ट माझ्या गळ्यात!

पायीची वहाण पायीच बरी, असं लोक म्हणतात आणि म्हणताना बोट माणसांकडे दाखवतात. ती म्हण फक्त माझ्यापुरती खरी आहे, बाबांनो. वावटळ आली तर डोळे मिटा, तोंडावर पदर घ्या, चार पावलं बाजूला व्हा. मला पायातच राहू द्या. आणि जमलं तर इथून खाली काढा, कारण बराखीला लागूनचा हा रस्ता द्रौपदाबाईच्या वस्तीकडे जातो. ती रोज खालून जाते आणि माझा तळवा, खिळ्यासकट, नेमका तिच्याकडे असतो. मला वळता येत नाही. कधी दुपारी नांगरटीतून वावटळ उठते, बराखीवरून जाता जाता मला फिरवते आणि माझा तळवा बराखीच्या कुडाच्या भिंतीकडे होतो. जन्मभर मला ज्या वावटळीवर फेकलं, तीच माझी लाज झाकते.