मिठाची शिळा

"काकू, बाजूला व्हा. दगडच हाय त्यो, तुमचं सासर न्हाई."

"सासरच हाय. तू जल्मायच्या आदीपास्नं."

भांडण माझ्यावरून चाललंय, म्हणून मीच तोंड उघडते. मी मिठाची शिळा बोलतेय. वेल्ह्याच्या डोंगरात, मिठाच्या माळावर माझा मुक्काम. माझ्यावर बसलीय ती बनाबाई. तिला उठवू बघतोय तो तिचा पुतण्या सोमनाथ. त्याच्यामागं बंगले बांधणारा साहेब, साहेबामागं जेसीबी. बंगल्यांच्या फाटकाशी मला शोभेला ठेवायचंय म्हणे.

मला कुणी घडवलं नाही. गुरं घेऊन पहिली घरं वर आली, त्यांनी खडेमीठ पसरायला मला आडवी घातली. गुरांनी चाटून चाटून माझ्या पोटाला खळगा पाडला, भाकरीचं पीठ मळावं एवढा. वस्तीला नाव माझ्यावरून पडलं, पण ते तोंडातच राहिलं, कागदावर कधी चढलं नाही. मत खालच्या गावात, रेशन खालच्या गावात. इथं मेलेलं माणूससुद्धा खालच्या गावात मेलं असंच लिहितात.

पुढं पोरं कापूरहोळला गॅरेजात गेली, गोठे ओस पडले. माझ्यावर शेवाळ चढलं. मीठ घालायला एकटी बनाबाई उरली, चाटायला तिची चार गुरं.

औंदा बंगल्यांच्या रस्त्यासाठी वरचा डोंगर कापला. तेव्हापासून माझ्याखालची माती सरकतेय, मला कळतंय. झऱ्याला तांबडं पाणी येतंय. आज सकाळी बनाबाईनं मीठ पसरलं, तर गुरं लांबच थांबली, डोंगराकडं माना करून. एकानंही जीभ लावली नाही. तेव्हा ती माझ्यावर बसली ती बसलीच.

"आदी डोंगर कापायचं थांबवा," ती म्हणाली, "मग न्या शिळा."

"काकू, सायेब मला वॉचमन ठेवनारेत. गुरास्नी काय कळतंय?"

"तुला कळंना, ते त्यास्नी कळलं."

साहेब मोबाईलवर नकाशा दाखवत हसला. "आजी, हे बघा. इथं वस्तीच नाही. पडीक जमीन आहे. उगाच भीती घालू नका."

बनाबाईनं नकाशाकडं बघितलंसुद्धा नाही. पण ती जे बोलली, त्यावर सोमनाथची मान खाली गेली आणि जेसीबीवाल्यानं आपणहून मशीन बंद केलं.

"वस्तीच न्हाई म्हनता, सायेब, मग डोंगर खाली आल्यावर आमास्नी हुडकायला कुठं येनार?"