बेल्याच्या फिल्टरचा राग

मी एक जुना फिल्टर आहे, मित्रांनो. पाण्याचा नव्हे, संगणकातला. आज मी रागावलो आहे, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

आदिलाबादच्या एका गॅस एजन्सीत माझा जन्म झाला. तिथे बुकिंगचा ढीग पडतो. त्यातून हवी ती नावं रोज वेचून दीक्षाताई वैतागल्या. मग त्यांनी अटी एकदाच घातल्या: गाव बेल्याकडचं, सिलिंडर अजून पोचलेला नाही, घरात म्हातारं किंवा दम्याचं माणूस. 'जतन करा' दाबलं आणि माझं नाव ठेवलं, 'बेला – आधी यांना'. झालं बारसं. घुगऱ्यासुद्धा नाहीत.

ताईंनी मला दाबलं की नावं पुढे यायची आणि ती घेऊन गाडी निघायची. "हा आपल्या हापिसातला सगळ्यात शहाणा," असं त्या म्हणायच्या. मी फुगायचो.

मग मॅनेजर सुधाकररावांना वरून फोन आला, अ‍ॅपवरून किती बुकिंग होतात ते सांगा. त्यांना नवा फिल्टर करायचा आळस. त्यांनी मला उघडलं, 'फक्त अ‍ॅपवरची' ही अट माझ्यात कोंबली, आकडा पाहिला आणि 'जतन करा' दाबून मोकळे झाले. शेजारी 'नव्या नावाने जतन करा' हे बटण होतं. त्या बिचाऱ्याला अजून कुणाचं बोट लागलेलं नाही. माझं नाव तेच राहिलं, पोट मात्र बदललं. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

बेल्याच्या रुक्माबाई अ‍ॅप वापरत नाहीत, काउंटरवर येऊन बुकिंग करतात. दम्यामुळे डॉक्टरांनी त्यांना चुलीचा धूर बंद सांगितलेला. सिलिंडर संपला, त्यांनी तसंच बुकिंग केलं. गाडी गावात आली आणि त्यांच्या दारावरून गेली. पुढच्या खेपेलाही तेच. घरात जेवण तर लागतंच. त्यांनी चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. शेवटी एका सकाळी बस धरून, खोकत खोकत एजन्सीत आल्या.

"बाई, माही टाकी काऊन नाई येऊन राह्यली?"

दीक्षाताईंनी मला दाबलं. "आजी, तुमचं नावच दिसून नाई राह्यलं. बुकिंग केलंच नसन तुमी."

"मी दिसून राह्यली का तुले?"

ताईंनी स्क्रीनवरून मान वर केली.

"मंग मले पाय. त्या डब्यात काय पायतं?"

तेव्हा कुठे ताईंनी मला उघडून आत पाहिलं. ती अट दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला.

सुधाकरराव म्हणाले, "जुना फिल्टर आहे, बिघडला असेल. काढून टाका."

ऐकलंत? जेवले हे, आणि खरकटं माझ्या तोंडाला.

"बिघडला नाई, सर. तुमी त्याच्यात आपली अट घालून बसले," ताई म्हणाल्या. "अन् मी डोये मिटून त्याच्यावर भरोसा ठेवला."

अट काढताच रुक्माबाईंचं नाव सगळ्यांच्या वर आलं. ताईंनी त्यांचा सिलिंडर गाडीत चढवला आणि त्यांना ड्रायव्हरशेजारी बसवलं. गाडीतून रुक्माबाई म्हणाल्या, "त्या डब्याले सांगजो, म्हातारी जित्ती हाय."

मित्रांनो, सगळ्यांच्या वापरातल्या फिल्टरमध्ये आपली अट घालून जतन करू नका. वेगळी प्रत करा, वेगळं नाव द्या. अधूनमधून आम्हाला उघडून आत काय आहे ते बघा. मी मागितलेलं दाखवतो, गाळलेलं कधीच दाखवत नाही. आणि माझ्या यादीत नसलेलं माणूस तुमच्यासमोर खोकत उभं असेल, तर मला बंद करा. आधी त्याला खुर्ची द्या.